कॉलेजात सर्जनशील लेखनाचा पेपर पहिल्यांदाच शिकवायचा आहे. सुरुवात कुठून करू, आणि यात पीएच.डी. होते का?

तुमची परिस्थिती अशी धरतो: नाशिकचं कॉलेज, बी.ए.चं तिसरं वर्ष, दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) पेपर, वर्गात 32 जण, हातात 15 आठवडे. आणि मनात धाकधूक, की लिहिणं शिकवता येतं का? प्रतिभा नाही शिकवता येत. पण स्वतःचं पान परक्याच्या नजरेनं वाचायला आणि मग पुन्हा लिहायला शिकवता येतं. पेपर त्याचाच ठेवा.

आधी तासांचा हिशेब. दोन श्रेयांक व्याख्यानाचे धरले तर 30 तास मिळतात, प्रात्यक्षिकाचे धरले तर 60. विभागात बोलून ते प्रात्यक्षिकात बसतात का, हे सत्र सुरू व्हायच्या आत बघा. नंतर वेळापत्रक हलत नाही. एका मजकुरावर नीट चर्चा व्हायला 25 मिनिटं लागतात. म्हणजे दोन तासांत चार मजकूर, आणि 32 जणांची एक फेरी व्हायला आठ बैठका. साठ तास मिळाले तर दोन फेऱ्या होतात. तीसच मिळाले तर एकच फेरी करा, पण 'कथेचे घटक' या प्रकरणाला तीन तासांपेक्षा जास्त देऊ नका. नाहीतर अर्धं सत्र व्याख्या लिहून देण्यात जातं, कारण त्यावर प्रश्नपत्रिका काढणं सोपं असतं, आणि मुलं शेवटच्या दोन आठवड्यांत घाईघाईनं काहीतरी खरडून आणतात.

पहिला सराव वर्गाबाहेर घ्या. गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार त्याला उत्तम. 40 मिनिटं, एक वही, आणि एकच अट: दिसलं, ऐकलं, वास आला, हाताला लागलं तेवढंच लिहायचं, विशेषण एकही नाही. तरी निम्म्या वह्यांत 'बाजारात प्रचंड गर्दी होती, वातावरण चैतन्यमय होतं' हे येणारच. रागावू नका, शाळेच्या निबंधानं दहा वर्षं तेच शिकवलंय. ते वाक्य फळ्यावर लिहा आणि विचारा, गर्दी तुम्हाला कशावरून कळली? मग कोणीतरी सांगतं: 'मेथीच्या जुड्यांवर पाणी मारता मारता बाई पैसे मोजत होती आणि पाणी गिऱ्हाइकाच्या चपलांवर पडत होतं, पण त्याला पाय मागं घ्यायला जागा नव्हती.' दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी राहू द्या. त्या दिवशी अजून काही शिकवायची गरज नाही.

आता जिथं सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा ते. लेखनतंत्राची बहुतेक पुस्तकं इंग्रजीवरून आलेली असतात, आणि त्यातले निवेदनाचे नियम मराठीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तीन जागा सांगतो.

एक, निवेदकाचं लिंग. मराठीत 'मी गेलो' किंवा 'मी गेले' म्हटलं की निवेदक पुरुष की बाई हे लगेच उघडं पडतं. पण 'मी दार लावलं, चहा टाकला, पत्र फाडलं' यात ते कळत नाही, कारण क्रियापदाचं रूप कर्माप्रमाणं बदलतं. निवेदक कोण हे दोन परिच्छेद झाकून ठेवायचं असेल तर क्रियापदं निवडावी लागतात. याच्यावर 150 शब्दांचा सराव द्या: निवेदक कोण ते शेवटच्या वाक्यातच कळलं पाहिजे. मुलांना हा खेळ भयंकर आवडतो, आणि व्याकरण आपोआप पक्कं होतं. आणि एखाद्या पात्राच्या तोंडी 'मी गेली' आलं तर लाल पेन उचलू नका. आपल्याकडं कितीतरी बाया तसंच बोलतात.

दोन, मनातलं बोलणं. मराठीत ते मूळ काळ-पुरुष सांभाळून येतं: 'तिला वाटलं, मी आता कुणाला सांगू?' इंग्रजीच्या सवयीनं मुलं 'तिला वाटलं की ती आता कुणाला सांगेल' असं लिहितात आणि वाचणारा विचारतो, ही दुसरी 'ती' कोण? 'की' काढा, 'मी' परत आणा, निम्मा गोंधळ मिटतो.

तीन, वाक्यांचे शेवट. पानावरच्या प्रत्येक वाक्याचं शेवटचं क्रियापद अधोरेखित करायला लावा. पंधरापैकी बारा 'होता, होती, होतं' निघाली तर पान मोठ्यानं वाचून दाखवा. कानाला टोचतं, दुरुस्ती ज्याची तोच करतो.

बोलीचं काय? सटाणा-मालेगावकडची मुलं अहिराणी बोलत येतात, सुरगाणा-पेठकडची कोकणा (ही कोकणातली कोकणी नव्हे), आणि कथेतली त्यांची आजी मात्र पाठ्यपुस्तकासारखं बोलते. आधी संवाद घरच्या बोलीत लिहू द्या, मग इतरांना विचारा कुठं अडलं. अडलेल्या शब्दाचा अर्थ कंसात द्यायचा नाही. पुढच्या वाक्यातल्या कृतीतून तो उमगला पाहिजे.

चर्चेची पद्धत. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात 1936 साली जी कार्यशाळा सुरू झाली, तिच्या धर्तीवर जगभर एक रीत पडली: लेखकानं गप्प बसायचं, बाकीच्यांनी बोलायचं. आपल्या वर्गात हे जसंच्या तसं चालवू नये. जी मुलगी मुळात वर्षभर तोंड उघडत नाही तिला अजून गप्प बसवून काय मिळणार? तिला मजकुरासोबत दोन प्रश्न लिहून देऊ द्या, चर्चा तिथून सुरू होऊ द्या. आधी दोघांनी 'कुठं, कोण, काय घडलं' एवढंच सांगायचं. तिथंच निम्म्या वेळा कळतं की लिहिणाऱ्याच्या डोक्यातलं पानावर उतरलेलं नाही. मग ओळीचा क्रमांक सांगून कुठं अडखळलो ते. 'छान', 'भावलं', 'हृदयस्पर्शी' या शब्दांना बंदी.

त्यासाठी मजकूर तीन दिवस आधी सगळ्यांच्या हातात हवा, कमाल 1200 शब्द, रुंद समास, दुप्पट ओळ-अंतर, बाजूला ओळींचे क्रमांक. फाइल युनिकोडमध्येच घ्या. श्रीलिपीच्या जुन्या फाँटांतून बदललेल्या फाइलीत रफार आणि जोडाक्षरं विस्कटतात, आणि चर्चेची पहिली दहा मिनिटं 'हा शब्द काय आहे' यात जातात.

गुण 100 धरले तर अशी वाटणी चालते: अंतिम मजकूर 40, खर्डे आणि त्यांतले बदल 30, इतरांच्या मजकुरांवर लिहिलेली टिपणं 20, सराव 10. सोबत 600 शब्दांचं निवेदन घ्या: कोणते तीन बदल केले आणि का. इथं एक लबाडी हमखास होते. मुलं अंतिम मजकूर आधी तयार करतात, मग तो मुद्दाम बिघडवून 'पहिला खर्डा' बनवतात. आता तर मोबाइलवरचं एआय पाच खर्डे पाच मिनिटांत देतं. म्हणून पहिला खर्डा वर्गात बसून, हातानं, तुमच्या सही-तारखेच्या कागदावर. त्याला गुण शून्य, पण तो नसेल तर पुढचं काही तपासायचं नाही.

पीएच.डी.बद्दल. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात कादंबरी किंवा कवितासंग्रह आणि त्याला जोडून चिकित्सक प्रबंध, असं मिळून पदवी मिळते. आपल्याकडं मराठी विभाग बहुधा पूर्ण समीक्षात्मक प्रबंधच धरतात, तेव्हा सर्जनशील भाग चालेल का हे नोंदणीआधी संशोधन केंद्राकडून लेखी घ्या. यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे किमान तीन वर्षं, कमाल सहा, आणि कोर्सवर्क किमान 12 श्रेयांकांचं.

विषय 'सर्जनशील लेखन : एक अभ्यास' असा ठेवलात तर सहा वर्षंही पुरणार नाहीत. 'अहिराणीभाषक विद्यार्थ्यांच्या कथालेखनात पहिल्या आणि तिसऱ्या खर्ड्यातल्या संवादांत होणारे बदल' असा घेतलात तर साहित्य तुमच्याच वर्गात तयार होतंय. आजपासून प्रत्येक खर्ड्याची छायाप्रत तारखेनिशी ठेवा. मात्र ते संशोधनात वापरायची लेखी संमती निकाल लागल्यावरच मागा. गुण तुमच्या हातात असताना कोणता विद्यार्थी नाही म्हणेल? आणि दिलेली संमती काढून घ्यायची वाट त्याच कागदावर लिहून ठेवा.