खाजगी विद्यापीठातून लॉ? आधी हे बघ

बारावीनंतर लॉ करायचं ठरवलंस, बरं केलंस. पण माहितीपत्रकातला चकचकीत मूट कोर्ट (सरावासाठीचं नकली कोर्ट) बघून भुलू नकोस. मी भुलले होते. त्या हॉलचं कुलूप पाच वर्षांत जेमतेम तीनदा उघडलं.

सुरुवातीला एवढंच बघ:

- बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता तुझ्या प्रवेशाच्या वर्षाला आहे का? विद्यापीठाला यूजीसीची मान्यता असली तरी ही वेगळी लागते. ती नसेल तर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, विसर.
- पाचही वर्षांची फी, हॉस्टेल-मेससकट, लेखी माग.
- पाच वर्षांच्या कोर्सला किमान २० आठवडे इंटर्नशिप लागते. कॉलेज जागा मिळवून देतं की 'तुमचं तुम्ही बघा' म्हणतं? हे तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचार, ऑफिसात नको.

'शंभर टक्के प्लेसमेंट' दिसलं की सरळ पान उलट.

आणि गोव्याबाहेर पडण्याआधी मिरामारचं साळगावकर नि मडगावचं कारे लॉ कॉलेज बघून ये. वकिली गोव्यातच करायची असेल तर नवरा-बायकोची समाईक मालमत्ता, १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता, इन्व्हेंटरीचे (मृताच्या मालमत्तेच्या वाटणीचे) दावे हे रोजचं काम, आणि बाहेर ते सहसा शिकवत नाहीत.

प्रवेश परीक्षांचं नंतर बोलू.