ऑटोकॅडची टूल पॅलेट अख्ख्या ऑफिसला एकच कशी ठेवायची?

तुम्ही विचारलं की ऑफिसात चार-पाच मशीन आहेत, एका मशीनवर नीट लावलेली टूल पॅलेट, म्हणजे ब्लॉक (तयार चिन्हं) ड्रॉइंगमध्ये टाकायची खिडकी, बाकीच्यांना कशी द्यायची, एक्सपोर्ट-इम्पोर्टचा कंटाळा आला, कधी आयकॉन दिसते पण ब्लॉक येत नाही, मशीनवर व्हर्जनं वेगवेगळी आहेत, आणि जाता जाता हेही विचारलं की सगळ्यांना एकच पॅलेट दिली तर कोणी बिघडवणार तर नाही ना. खरा प्रश्न हा शेवटचाच आहे. बाकीचं एका दुपारचं काम आहे. यावर माझं ऑफिसात इतकं भांडण झालेलं आहे की उत्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आधी कामाचं सांगते. एक्सपोर्ट-इम्पोर्ट बंद करा. एक्सपोर्ट केल्यावर निघते ती एक्सटीपी फाइल म्हणजे कॉपी, आज सगळ्यांकडे सारखी असते आणि दिवाळी येईपर्यंत ज्याची त्याची वेगळी झालेली असते. शिवाय त्या फाइलसोबत चित्रांचं एक फोल्डर तयार होते, ते पेनड्राइव्हवर घ्यायचं राहून जाते आणि मग आयकॉनच्या जागी काहीच दिसत नाही. त्यापेक्षा मेन मशीनवर एक फोल्डर करा, त्यात एकीकडे पॅलेट आणि एकीकडे ब्लॉकच्या ड्रॉइंग. तुमचं आत्ताचं टूल पॅलेटचं फोल्डर, एटीसी फाइलींसकट (पॅलेट याच फाइलींत साठवलेली असते), पूर्ण उचलून तिथे ठेवा. मग प्रत्येक मशीनवर ऑप्शन्स, फाइल्स, टूल पॅलेट्स फाइल लोकेशन्स, तिथे तो पाथ द्या. एकापेक्षा जास्त पाथ देता येतात हे लक्षात ठेवा, पुढे कामी येते.

आयकॉन दिसते पण ब्लॉक येत नाही, याचं कारण बहुतेक वेळा एकच. पॅलेटमध्ये ब्लॉक नसतोच, ब्लॉक कोणत्या ड्रॉइंगमध्ये आहे त्याचा पत्ता असतो. ती ड्रॉइंग कोणाच्या तरी डेस्कटॉपवर असली की दुसऱ्या मशीनवर तो पत्ता मिळणार नाही, कारण तिथे युजरचं नावच वेगळं आहे. टूलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सोर्स फाइल, तिथे दिसून जाते. खूप टूल असतील तर एकेक बदलत बसू नका. एटीसी ही साधी एक्सएमएल फाइल असते, ऑटोकॅड बंद करून, आधी बॅकअप घेऊन, नोटपॅडमध्ये उघडा आणि जुना पाथ फाइंड-रिप्लेस करून टाका.

आता बिघडवण्याचं. आमचं ऑफिस यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आहे. घरकुलाचे प्लॅन, शेततळी, जिनिंगचे शेड असं सगळं येते, पण २०१९ नंतर जलजीवन मिशनची कामं आली तेव्हापासून नळयोजनेचं ड्रॉइंग हेच मुख्य. गावठाणाचा नकाशा, विहिरीपासून टाकीपर्यंतची लाइन, गल्लीगल्लीतलं वितरण, आणि त्यावर स्लुइस व्हॉल्व्ह (पाणी बंद-चालू करायचा), एअर व्हॉल्व्ह (हवा काढायचा), स्कॉवर व्हॉल्व्ह (गाळ काढायचा). यांची पॅलेट मी बनवली. प्रत्येक टूलला लेयर बांधून दिली, म्हणजे करंट लेयर कोणतीही असो, व्हॉल्व्ह व्हॉल्व्हच्याच लेयरवर जाऊन बसणार. स्केल बांधून दिलं, रोटेशन विचारेल असं ठेवलं. विहीर, हातपंप, डीपी, कौलारू घर, गोठा, यांचे ब्लॉक मी गावात स्वतः फिरून, इथे लोक नकाशावर काय ओळखतात ते पाहून काढले. याचा मला अभिमान आहे.

आमच्या ऑफिसच्या सरांनी ते फोल्डर शेअर करताना सगळ्यांना फुल कंट्रोल देऊन टाकलं. मी तेव्हाच म्हटलं, सर, रीड-ओन्ली ठेवा. ते म्हणाले, "आपण सारे घरचे लोक, घरात कुलपं कोण लावते? पोट्ट्यांना वाटन ताईचा आपल्यावर भरोसा नाही."

मग एका योजनेचं एस्टिमेट वरच्या ऑफिसातून परत आलं, नकाशावरचे स्लुइस व्हॉल्व्ह आणि तक्त्यातले स्लुइस व्हॉल्व्ह जुळत नाही म्हणून. आमचा तक्ता ऑटोकॅडच्याच डेटा एक्स्ट्रॅक्शनने निघते, ब्लॉकच्या नावाने मोजून. मी मोठी प्रिंट काढली, टेबलावर पसरली आणि लाल पेनने एकेका व्हॉल्व्हवर टिक करत गेले. कागदावर खरंच जास्त होते. मग स्क्रीनवर त्यातल्या एकावर क्लिक केलं. आमचा स्लुइस व्हॉल्व्ह म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, क्लिक केलं की दोन्ही एकदम सिलेक्ट व्हायला पाहिजे. एकच त्रिकोण सिलेक्ट झाला. म्हणजे तो ब्लॉक राहिलाच नव्हता, नुसत्या रेघा होत्या, आणि रेघा कोण मोजणार. पॅलेटवर जाऊन टूलची प्रॉपर्टी उघडली तर एक्स्प्लोडच्या, म्हणजे ब्लॉक टाकताच फोडून सुट्या रेघा करायच्या, समोर 'येस'. कोणाला तरी एका व्हॉल्व्हची रेघ लांबवायची होती, त्याने आपल्या सोयीसाठी ते बदललं, आणि ती एटीसी सगळ्यांची एकच असल्यामुळे तेव्हापासून जो कोणी व्हॉल्व्ह टाकून राहिला होता तो फुटूनच पडत होता, आणि ज्याने बदललं त्याला स्वतःलाही याचा पत्ता नव्हता. त्या पोट्ट्याला मी एक शब्द बोलले नाही. फाइल उघडी होती, त्याने बदलली. माझं भांडण सरांशी होतं.

आणि ते भांडण मी आजही मिटवलेलं नाही, कारण सर अजूनही म्हणतात की समजावून सांगितलं असतं तर झालं असतं. नसतं झालं. चार माणसं एकाच फाइलवर काम करतात तिथे समजावणं पुरत नाही. जिनिंगच्या वजनकाट्याला सील असते, म्हणून काटेवाल्यावर अविश्वास आहे असं कोणी म्हणते का? काट्यावर शेतकऱ्याचा आणि व्यापाऱ्याचा दोघांचा भरोसा राहावा म्हणून सील असते. तुमच्या ऑफिसातही कोणी घरचे लोक वगैरे म्हटलं तर हे त्यांना जरूर सांगा. आणि नवीन आलेल्या पोरालाच कुलपाची जास्त गरज असते, कारण बिघडलं की पहिलं नाव त्याचंच येते.

कुलूप लावायला काहीच लागत नाही. एटीसी फाइलींना रीड-ओन्ली करा आणि शेअरच्या परवानगीत बाकीच्यांना फक्त रीड द्या. पॅलेटच्या कोपऱ्यात छोटं कुलपाचं चिन्ह दिसायला लागते. ब्लॉक टाकता येतात, बदलता येत नाही. आणि कोणाला आपली स्वतःची पॅलेट पाहिजे असेल तर वर म्हटलं तो दुसरा पाथ, त्याच्या मशीनवरचं त्याचं फोल्डर, तिथे तो पाहिजे ते करो. सगळ्यांच्या पॅलेटचा मालक मात्र एकच माणूस ठेवा आणि त्याचं नाव सगळ्यांना माहीत असू द्या. बदल पाहिजे असेल तर त्याच्याकडे लिहून द्यायचा. तो माणूस सर असलेच पाहिजे असं नाही, उलट रोज ड्रॉइंग काढणारा असला तर बरं.

आमच्याकडे अजून एक अडचण आहे, तुमच्याकडेही असेल. लाइट जाते. मेन मशीन बंद असताना दुसऱ्याने ऑटोकॅड उघडलं की त्याला पॅलेट दिसत नाही, आणि मग लोक जुन्या ड्रॉइंगमधून कॉपी-पेस्ट सुरू करतात, म्हणजे सगळं केलं-सवरलं पाण्यात. म्हणून आम्ही आता पाथ नेटवर्कचा देतच नाही. प्रत्येक मशीनवर सी ड्राइव्हमध्ये एकाच नावाचं फोल्डर आहे, आणि सकाळी मशीन चालू झालं की एक बॅच फाइल मेन मशीनवरून विंडोजच्या रोबोकॉपी कमांडने तिथे कॉपी करते. रीड-ओन्लीची टिक सोबतच जाते. पाथ सगळीकडे सारखा असल्यामुळे सोर्स फाइलचा लफडाही संपते. रोबोकॉपीला मिररचा स्विच लावला असेल तर मेन मशीनवर नाही ते सगळं त्या फोल्डरातून उडते, तेव्हा आपली खासगी पॅलेट त्यात कोणी ठेवू नये, हे पहिल्याच दिवशी सांगा.

काही गोष्टी राहिल्या. पॅलेटचे ग्रुप या फोल्डरात नसतात, ते ज्याच्या त्याच्या प्रोफाइलमध्ये असतात, त्यामुळे पॅलेट सगळ्या येतील पण एकाखाली एक ढीग लागल्यासारख्या. कस्टमाइझच्या खिडकीतून ग्रुप एक्सपीजी फाइलमध्ये काढा आणि प्रत्येक मशीनवर एकदा इम्पोर्ट करा. एक्सपोर्ट-इम्पोर्ट बंद करा म्हटलं ते पॅलेटसाठी, ग्रुपला ते लागतेच.

व्हर्जनचं म्हणाल तर सगळ्यात जुन्या मशीनच्या हिशोबाने चाला. नवीन व्हर्जनमध्ये बनवलेली पॅलेट जुन्यात चालेल हे धरून चालू नका, आणि ब्लॉकच्या ड्रॉइंग २०१३ फॉरमॅटमध्ये सेव्ह करा, कारण २०१८ पासून फॉरमॅट बदलला आणि २०१७ किंवा त्याआधीचं व्हर्जन २०१८ फॉरमॅटची फाइल उघडणार नाही.

युनिटही पहा. घराचे प्लॅन फूट-इंचात आणि सरकारी कामं मीटर-मिलिमीटरमध्ये असतील तर ब्लॉकच्या ड्रॉइंगमध्ये इन्सयुनिट्स (ब्लॉक कोणत्या युनिटमध्ये आहे ते सांगणारी सेटिंग) नीट लावलेलं पाहिजे, नाही तं संडासाचं भांडं २५.४ पट मोठं होऊन खोलीबाहेर येईल. आणि मूळ ब्लॉक सुधारला म्हणजे जुन्या ड्रॉइंगमध्ये टाकलेले आपोआप सुधारत नाही, त्या ड्रॉइंगमध्ये पॅलेटवरच्या टूलला राइट क्लिक करून रिडिफाइन करावं लागते.

हे सगळं करायच्या आधी आत्ताच्या एटीसी फाइलींची एक कॉपी वेगळी काढून ठेवा, आणि एकेका टूलची प्रॉपर्टी उघडून एक्स्प्लोडच्या समोर काय लिहिलं आहे ते पहा.