ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं शिफ्ट कॅलिब्रेशन मशीन लर्निंगने आपोआप होतं का?

तुमचा प्रश्न सहा गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकबद्दल आहे: शिफ्टचे आकडे ठरवणारे मॅप (तक्ते) हाताने भरत बसण्यापेक्षा हे काम मॉडेलकडून करून घेता येईल का, आणि त्यासाठी डीप लर्निंग शिकावं लागेल का?

करून घेता येतं, आणि डीप लर्निंग नको. डायनोवर (गाडी जागेवरच चालवून मोजायच्या यंत्रावर) एकेक शिफ्ट महाग पडते, हजारो नमुने तुम्हाला कुणी देणार नाही. गाउशियन प्रोसेस (थोड्या नमुन्यांवरून अंदाज आणि त्याची खात्री किती, दोन्ही सांगणारं मॉडेल) आणि त्यावर बायेशियन ऑप्टिमायझेशन (पुढे कुठला बिंदू तपासायचा हे त्या मॉडेलवरून ठरवणं), हे काहीशे शिफ्टमध्येही उपयोगी पडतं. मॉडेल लॅपटॉपवरच राहतं. टीसीयूत (गिअरबॉक्स चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये) शेवटी नेहमीचेच मॅप जातात, त्यामुळे सेफ्टीवाल्यांशी नवा वाद उभा राहत नाही.

सुरुवातीला एकच शिफ्ट घ्या: दुसऱ्यावरून तिसरा, पॉवर-ऑन अपशिफ्ट (ॲक्सिलरेटर दाबलेला असताना वरचा गिअर), एका ठरावीक थ्रॉटलला. बदलायचे आकडे पाच: फिल टाइम (येणाऱ्या क्लचमध्ये तेल भरण्याचा वेळ), फिल प्रेशर (त्या वेळचा दाब), येणाऱ्या क्लचचा रॅम्प (दाब चढवण्याचा वेग), जाणारा क्लच सोडण्याची वेळ आणि इनर्शिया फेजमध्ये (इंजिनचा वेग नव्या गिअरशी जुळतो त्या टप्प्यात) इंजिनकडे मागायची टॉर्क कपात. फिल कमी पडला तर जुना क्लच सुटलेला, नव्याने पकडलेलं नाही, आणि आरपीएम वर उडतात. हा फ्लेअर. जास्त झाला तर दोन्ही क्लच एकदम पकडतात आणि क्षणभर ब्रेक लागल्यासारखा हिसका बसतो. हा टाय-अप. या दोन टोकांमधली जागा अनेकदा काही दहा मिलिसेकंदांचीच असते, म्हणून फिल टाइमची पायरी १० मिलिसेकंदांपेक्षा मोठी ठेवू नका.

चाचण्यांआधी टीसीयूचं ॲडॅप्टेशन (आपले आकडे आपणच सुधारत राहण्याची सोय) गोठवा. हे राहिलं तर तुम्ही फिल टाइम बदलता, टीसीयू मागच्या मागे स्वतःची दुरुस्ती करतो, आणि मॉडेल भलतंच शिकतं. आलेख मात्र छान दिसतात, म्हणून चूक लवकर कळत नाही. तसंच गिअरबॉक्स ऑइलचं तापमान, समजा ८५ अंश, अधिक-उणे ३ मध्ये आल्याशिवाय पुढची शिफ्ट मारू नका.

पहिले ५० बिंदू (पाच आकड्यांची एकेक जुळणी) लॅटिन हायपरक्यूबने, म्हणजे प्रत्येक आकड्याची सगळी श्रेणी सारखी व्यापेल असे, पसरा आणि प्रत्येक बिंदूवर तीन शिफ्ट मारा. तिन्हींमधला फरक म्हणजे तुमचा नॉइज. तो मॉडेलला सांगितला नाही तर ते योगायोगाने चांगल्या आलेल्या शिफ्टच्या मागे धावतं. पुढचे बिंदू मॉडेलने सुचवायचे. फ्लेअरसाठी आणि क्लचच्या घर्षण-ऊर्जेसाठी वेगळी मॉडेल ठेवा आणि मर्यादा ओलांडण्याची शक्यता जास्त दिसली तर तो बिंदू चालवूच नका. नाहीतर ऑप्टिमायझर शोधाच्या नावाखाली फ्रिक्शन प्लेट जाळतो.

खरी डोकेदुखी गुण कसे द्यायचे ही आहे. फक्त शिफ्टचा वेळ कमी करा म्हटलं की हिसके येतात. फक्त हिसका कमी करा म्हटलं की मॉडेल क्लच लांबवर घसरवत ठेवतं, शिफ्ट लोण्यासारखी होते आणि प्लेट तापते. सीटच्या रेलवर लांबीच्या दिशेने ॲक्सेलरोमीटर लावा आणि त्यावरून व्हीडीव्ही, म्हणजे कंपनाचा एकूण डोस, काढा (त्वरणाच्या चौथ्या घाताचं वेळेवर संकलन, मग चौथं मूळ). सोबत शिफ्टचा वेळ. दोघांचं वजन तुम्ही मनाने ठरवू नका. अनुभवी ड्रायव्हरला दोन शिफ्ट लागोपाठ द्या आणि ‘यातली बरी कुठली?’ एवढंच विचारा. दहापैकी गुण मागितले तर तोच माणूस सकाळी सात आणि जेवणानंतर सहा देतो. जोडीतली निवड त्यापेक्षा टिकाऊ असते.

एक शिफ्ट जमली की थ्रॉटल आणि तापमान हेही मॉडेलचे इनपुट करा. मॅपचा प्रत्येक खण सुटा ऑप्टिमाइझ केलात तर शेजारचे आकडे वरखाली उड्या मारतात, आणि पाय जरा हलला की शिफ्टचा स्वभाव बदलतो. शेजारच्या खणांतल्या फरकाला दंड लावा. थंड तेलाचे खण मात्र वेगळ्या चाचण्यांनीच भरा; ८५ अंशांच्या डेटावरून उणे १०चा अंदाज काढणं धोक्याचं, कारण तेल घट्ट झालं की फिलचं सगळं गणितच बदलतं.

शेवटचे मॅप दुसऱ्या गाडीत घालून बघाच, शक्यतो क्लच क्लिअरन्स (प्लेटांमधली फट) टॉलरन्सच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या गिअरबॉक्सवर, ॲडॅप्टेशन पुन्हा चालू करून. पुण्याजवळ असाल तर भरल्या गाडीने घाट चढताना अर्ध्या थ्रॉटलवर डाउनशिफ्टही तपासा. डायनोवर चढाचा भार टाकता येतो, पण वळणावर ड्रायव्हर पाय अर्धवट सोडून पुन्हा दाबतो ते तिथे सहसा कुणी चालवत नाही.