अप्पा, लाईन बंद आहे म्हणतात, चढू का?

या महिन्यात आलेले प्रश्न जवळपास सगळे ॲप्रेंटिस पोरांचे आणि त्यांच्या घरच्यांचे आहेत, नवीन बॅच लागलीय त्यामुळे साहजिकच आहे. पंप, मीटर, वाढीव बिल हे सगळं पुढच्या अंकात घेऊ, रागावू नका. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून फक्त तालुका देतोय.

प्रश्न (यावल तालुका): अप्पा नमस्कार. मी आयटीआय इलेक्ट्रिशियन पास, आता लाईनवर ॲप्रेंटिस आहे. पहिल्या आठवड्यातच मला खांबावर चढवलं. वायरमन काका फोनवर ऑपरेटरशी बोलतात आणि म्हणतात लाईन बंद आहे, चढ. मला भीती वाटते पण नाही म्हटलं की सगळे हसतात, म्हणतात याला कम्प्युटरचा कोर्स करायला पाठवा. काय करू?

उत्तर: भीती वाटते ते चांगलंच आहे बेटा, ती जाऊ देऊ नको. हसणाऱ्यांचं हसू चहाच्या टपरीपर्यंतच असतं.

आता नीट ऐक. "लाईन बंद आहे" हे वाक्य तुला रोज दहा वेळा ऐकायला मिळणार आहे आणि त्याचा अर्थ दर वेळेस वेगळा असतो. कधी खरंच परमिट (लाईन बंद ठेवून काम करायची सबस्टेशनची नोंदवलेली परवानगी) घेतलेलं असतं, कधी फिडर (सबस्टेशनहून निघणारी लाईन) आपोआप ट्रिप, म्हणजे बंद, झालेला असतो आणि ऑपरेटर कुठल्याही क्षणी ट्राय घेणार, म्हणजे चालू करून बघणार असतो, कधी लोडशेडिंगची वेळ असते म्हणून गृहीत धरलेलं असतं, आणि कधी ऑपरेटरने बंद केलेला फिडर भलताच असतो. हे शेवटचं आपल्याकडे तर फारच, कारण गावागावात खुर्द आणि बुद्रुक. फोनवर नुसतं गावाचं नाव घेतलं, अर्धं ऐकू आलं, वारा सुटलेला, ट्रॅक्टर चाललाय बाजूने, आणि सबस्टेशनमध्ये ऑपरेटरने खुर्दऐवजी बुद्रुकचा ब्रेकर (फिडर बंद करणारा मोठा स्विच) पाडला. इकडे माणूस वर चढलेला. म्हणून फिडरचं नाव पूर्ण, समोरच्याने परत म्हणून दाखवलेलं, आणि परमिट नंबर न् वेळ दोन्हीकडे लिहिलेली, एवढं झाल्याशिवाय त्याला परमिट म्हणायचं नाही.

परमिट तुझ्या नावावर निघत नाही हेपण लक्षात ठेव. ते अधिकृत कर्मचाऱ्याच्याच नावावर निघतं, आणि ज्याने घेतलं त्यानेच परत करायचं असतं. काम झालं म्हणून तू उत्साहाने सबस्टेशनला फोन लावून "झालं हो, चार्ज करा" असं कधीही, म्हणजे कधीही बोलायचं नाही, पुढच्या खांबावर अजून कोण लटकलंय तुला काय माहीत.

सबस्टेशनमध्ये ३३/११ केव्हीच्या यार्डात ब्रेकर पडतो, आयसोलेटर उघडतो, पॅनलवर माणसं काम करताहेत असा बोर्ड लागतो. ते झालं तिकडचं. आपल्याकडचं वेगळं. जागेवर एबी स्विच (खांबावरचा, हँडलने तिन्ही तारा तोडणारा स्विच) उघडला की हँडल खाली आलं म्हणून खूश होऊ नको, मान वर कर आणि तिन्ही ब्लेड मोज. जुने एबी स्विच असतात, गंजलेले, वर्षानुवर्षं तेल नाही ग्रीस नाही, हँडल पूर्ण खाली येतं आणि दोन ब्लेड उघडतात, तिसरं जागच्या जागी चिकटून बसतं. खालून सूर्य डोळ्यावर असेल तर ते दिसतसुद्धा नाही, म्हणून खांबाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बघायचं, आळस नाही करायचा. मग हँडलला कुलूप. कुलूप नसेल तर एक माणूस तिथे उभा, आणि तो गुटखा आणायला जाणारा नको.

मग टेस्टर. मग डिस्चार्ज रॉड (बंद लाईन जमिनीशी जोडणारा दांडा), याचा क्रम पाठ कर: अगोदर अर्थची क्लॅम्प जमिनीतल्या पक्क्या अर्थिंगला, मग रॉड एकेका फेजला. काढताना उलटं, अगोदर फेजवरचे रॉड, सगळ्यात शेवटी अर्थ. हा क्रम उलटा झाला तर लाईनमध्ये जे काय असेल ते तुझ्या हातातून जमिनीत जाणार. आणि रॉड कामाच्या दोन्ही बाजूला लावायचे, एकाच बाजूला नाही. पोरं विचारतात सप्लाय तर सबस्टेशनकडूनच येतो मग दुसरी बाजू कशाला, तर त्याचं उत्तर खाली रावेरच्या शेतकरी दादांच्या प्रश्नात येतंय ते वाच.

एवढं सगळं डोळ्याने बघितल्यावर, हेल्मेट आणि सेफ्टी बेल्ट लावून, खाली अनुभवी माणूस उभा असताना चढायचं. पहिले काही महिने तर खालूनच शिकायचंय रे. जंपर (दोन तारा जोडणारा तुकडा) कसा बांधतात, पिन इन्सुलेटरला तडा गेलेला खालून कसा ओळखतात, स्टे (खांबाला ताणून धरणारी तार) सैल झाला की खांब कुठल्या बाजूला झुकतो, डीओ (खांबावरचा फ्यूज) उडालाय का नुसता लटकलाय, हे खाली उभं राहून जेवढं दिसतं तेवढं वर गेल्यावर दिसत नाही.

आता काकांना नाही कसं म्हणायचं. नाही म्हणूच नको. "काका, परमिट नंबर सांगा ना, मला लॉगबुकमध्ये लिहायचाय" असं म्हण. तुला ट्रेनिंगचं रेकॉर्ड ठेवावंच लागतं, त्यामुळे हे विचारणं उद्धटपणाचं वाटत नाही, आणि नंबर नसेल तर काकांना स्वतःलाच जाणवतं. तरी जबरदस्ती झाली तर शाखा अभियंत्याला सांग, आणि तिथेही दाद नाही लागली तर जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये शिकाऊ उमेदवारीचं काम बघणारं ऑफिस असतं, तिथे लेखी दे. काकांवर राग धरू नको मात्र, मान्सूनच्या आधीच्या वादळात एका रात्रीत किती खांब पडतात आणि माणसं किती असतात ते तू जूनमध्ये बघशीलच, त्या ताणात शॉर्टकटची सवय लागते. सवय त्यांची आहे, तू घेऊ नको म्हणजे झालं.

प्रश्न (शिरपूर): माझा मुलगा ॲप्रेंटिस आहे. रात्री अकरा वाजता फोन येतो, चल म्हणतात, फॉल्ट आहे. पगार विचारला तर स्टायपेंड म्हणतात. उद्या काही झालं तर जबाबदार कोण? आम्ही साधी माणसं आहोत.

उत्तर: ताई, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, पोरं हे विचारायला लाजतात.

ॲप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. त्यात तुमचा मुलगा कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे, म्हणून त्याला पगार नाही, विद्यावेतन. २०१९ च्या दुरुस्तीत आयटीआय पास मुलासाठी महिन्याला किमान ७,००० रुपये ठरवले होते. तुमच्या मुलाच्या करारावर जो आकडा लिहिलाय तो बघा आणि दर महिन्याला बँकेत तेवढा येतो का ते जुळवा. करार झालाय आणि तो सरकारच्या ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवलाय याची खात्री आधी करा, कारण पुढचं सगळं त्या कागदावर उभं आहे.

ओव्हरटाईमचं म्हणाल तर कायद्यात स्पष्ट आहे, शिकाऊ उमेदवाराला जादा वेळ काम लावायचं तर ॲप्रेंटिसशिप ॲडव्हायझरची मंजुरी लागते, आणि ती ट्रेनिंगच्या किंवा जनतेच्या हिताचं असेल तरच मिळते. कोणीतरी फोन केला म्हणून रात्री अकराला निघायचं हे त्यात बसत नाही. त्यातून रात्रीचा फॉल्ट म्हणजे अंधार, ओली जमीन, घाई, आणि गावकरी चारी बाजूने "ओ भो, लाईट कव्हय यीन" करत उभे, नवीन पोराला शिकायची ती जागाच नाही.

ट्रेनिंग चालू असताना अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारी मालकावर आहे, म्हणजे जिथे तो ट्रेनिंग घेतोय त्या आस्थापनेवर, कलम १६ त्यासाठीच आहे. पण बघा, तो त्या वेळी ट्रेनिंगवर होता हे कागदावर दिसायला पाहिजे. हजेरीत नाव नाही, रात्री तोंडी बोलावलेलं, असं असलं की भांडत बसावं लागतं. म्हणून मुलाला सांगा, हजेरी रोजची रोज.

प्रश्न (शहादा): मी इलेक्ट्रिशियन ट्रेडला आहे, वर्गात आम्ही दोनच मुली. घरचे म्हणतात पास झाली की ऑफिसमध्ये काहीतरी बघ, लाईनवर मुलगी नको. अप्पा, खरंच जमत नाही का?

उत्तर: जमतं. महावितरणमध्ये खांबावर चढणाऱ्या मुली आहेत, सबस्टेशनला शिफ्ट करणाऱ्या आहेत, आणि भरतीत महिलांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे. घरच्यांना एकदा जवळचं सबस्टेशन दाखव, पॅनल, लॉगशीट, रिले, बॅटरी रूम, ते बघितल्यावर त्यांचं डोक्यातलं चित्र बदलेल. खरी अडचण खांब नाहीये, खरी अडचण म्हणजे आपल्याकडच्या कित्येक सबस्टेशनला धड बाथरूम नाही आणि धडगाव अक्कलकुव्याकडे तर लाईन पेट्रोलिंग म्हणजे डोंगरात दिवसभर चालणं. ॲप्रेंटिसला जागा निवडताना हे बिनधास्त विचारून घे. आणि बेल्ट आपल्या मापाचा माग, पुरुषांच्या मापाचा ढगळ बेल्ट घालून कोणी चढू नये, मुलगा असो की मुलगी.

प्रश्न (अमळनेर): ॲप्रेंटिस झाल्यावर पर्मनंट करतात का?

उत्तर: नाही. कायद्यानेच तसं बंधन नाहीये. १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात एवढं म्हटलंय की बाकी सगळं सारखं असेल तर ट्रेनिंग घेतलेल्याला प्राधान्य द्यावं, पण "बाकी सगळं सारखं" हे कुठे असतं हो. रस्ता भरतीचाच. डिसेंबर २०२३ ला महावितरणने विद्युत सहाय्यकाच्या ५,३४७ जागा काढल्या, त्यात तीन वर्षं ठराविक मानधन, मग तंत्रज्ञ. त्यामुळे ॲप्रेंटिसच्या वर्षात संध्याकाळी अभ्यास सोडू नको, वर्ष संपल्यावरची ऑल इंडिया ट्रेड टेस्ट दे, सर्टिफिकेट हातात घे. सोलरच्या कंपन्या, सूतगिरण्या, कोल्ड स्टोरेज, इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर सगळीकडे ते सर्टिफिकेट चालतं. कोणी पैसे घेऊन चिकटवतो म्हणाला तर त्याला चहासुद्धा पाजू नको.

प्रश्न (रावेर तालुका): मी केळी उत्पादक. आमच्या डीपीवर (शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर) फ्यूज उडाला की आम्ही शेतकरीच टाकून घेतो, वायरमनची वाट बघत बसलो तर ठिबक बंद आणि मे महिन्यात बाग करपते. परवा एक ॲप्रेंटिस पोरगा आला आणि आम्हालाच लेक्चर देऊन गेला, हात लावायचा नाही म्हणे. त्याचं बरोबर आहे का?

उत्तर: दादा, बरोबर आहे, आणि पोरगा हुशार आहे.

तुमची घाई मला कळते, ४५ डिग्रीत केळीला दोन दिवस पाणी चुकलं तर काय होतं ते मला सांगायला नको. पण त्या पेटीत काय चाललेलं असतं ते बघा. एक फेज गेला. शिवारात सात-आठ मोटरी, त्यातल्या दोघा-तिघांकडे कंडेन्सर लावून उरलेल्या फेजवर मोटर चालवायची सोय. ती मोटर फिरत असताना तिच्या तिसऱ्या टर्मिनलवर व्होल्टेज तयार होतं, आणि ते तारेने उलटं डीपीपर्यंत येतं. म्हणजे ज्या फेजचा फ्यूज उडालाय, तुम्ही म्हणता मेलेला आहे, त्याच्या किटकॅटची (फ्यूजची तार धरणाऱ्या होल्डरची) खालची बाजू जिवंत असते. तुम्ही वरची बाजू सांभाळता, हात खाली लागतो.

तसंच जनरेटरचं. चेंजओव्हर (लाईन किंवा जनरेटर, एका वेळी एकच जोडणारा स्विच) न लावता जनरेटर चालू केला की करंट डीपीत उलटा शिरतो, आणि ट्रान्सफॉर्मरला उलटं-सुलटं कळत नाही, खालून ४४० गेलं तर वर ११ हजार निघतं. तिकडे दोन खांब सोडून परमिट घेऊन एखादा पोरगा तार जोडत असतो. यावलच्या मुलाने दोन्ही बाजूला रॉड का लावायचे, ते हेच.

मग शेतकऱ्याने करायचं काय? डीपीवर कोणी काम करत असेल तर सगळ्या मोटरींचे मेन स्विच खाली पाडायचे, नुसतं स्टार्टरचं बटण दाबून भागत नाही. ऑटो स्विच काढून टाका, लाईट आली की सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि फ्यूज परत जातो, अर्ध्या वेळेस मूळ दुखणं हेच असतं. पेटीत फ्यूज वायरच्या जागी ॲल्युमिनियमची जाड तार पिळून टाकलेली असेल तर ती कोणी टाकली हे विचारत नाही, पण त्यामुळे फ्यूज वाचतो आणि डीपी जळतो, मग नवीन डीपी येईपर्यंत जे दिवस जातात त्यापेक्षा वायरमनची वाट बघणं स्वस्त पडलं असतं. तक्रार १९१२ वर नोंदवा, नंबर घ्या, म्हणजे तुमचा फॉल्ट कागदावर येतो आणि वायरमनलाही तुमच्याकडे यायला कारण मिळतं.

आणि त्या पोराला पुढच्या वेळी पाणी विचारा, उन्हात डीपी टू डीपी फिरतोय तो.

प्रश्न (भुसावळ): रबरी हातमोजे मिळालेत पण घामाने हात भिजतो आणि पक्कड निसटते. न घालता चालेल का? दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात माझा मित्र आहे तो म्हणतो त्यांच्याकडे फार कडक आहे.

उत्तर: चालणार नाही. आत पातळ सुती मोजे घाल, घाम तो शोषतो, दोन जोड जवळ ठेव आणि बदलत जा. हातमोज्यावर किती व्होल्टपर्यंतचा आहे ते छापलेलं असतं ते वाच, एलटीचा (कमी दाबाच्या लाईनचा) हातमोजा ११ केव्हीला काही कामाचा नाही, आणि चांगला हातमोजा आहे म्हणून परमिट नको असंही नाही. रोज सकाळी घालायच्या आधी मनगटाकडून गुंडाळत आण, आत हवा अडकून बोटं फुगतील, ती गालाजवळ धरून दाब. कुठून हवा सुटतेय असं लागलं तर तो हातमोजा तिथल्या तिथे बाद, चिकटपट्टी लावून वापरायचा नाही. स्टोअरला जमा कर, दुसरा माग, आणि दिल्याची सही घेऊन ठेव.