थट्टेत सांगितलेले भविष्य मुलाच्या मनाला लागते तेव्हा

शाळेचे शेवटचे वर्ष संपत आले की माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न हमखास असतो. निरोप समारंभासाठी वर्गाने मिळून एकमेकांची विनोदी भविष्ये लिहिलेली असतात, कोण काय मागे ठेवून जाणार याची गमतीदार मृत्युपत्रे तयार झालेली असतात, सगळा वर्ग पोट धरधरून हसलेला असतो आणि एखादे मूल मात्र घरी येऊन गप्प बसते. मुलांनी केलेल्या गमतीत एवढे मनाला लावून घेण्यासारखे काय आहे, आपलेच मूल जास्त हळवे आहे का, की या चिडवण्याला छळ समजून शाळेकडे तक्रार करावी, असे पालक विचारतात. या प्रश्नाचे उत्तर मी एका मुलीच्या अनुभवाच्या आधारे देत आहे. तिची आणि तिच्या आईची संमती घेतलेली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

ही प्रथा नवी नाही. अमेरिकेतील शाळांच्या वार्षिक पुस्तिकांमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभीच वर्गाचा इतिहास, वर्गाचे भविष्य आणि वर्गाचे मृत्युपत्र अशी सदरे छापली जात असत. कायद्याच्या भारदस्त भाषेत क्षुल्लक गोष्टी लिहायच्या, हा त्यातला खरा आनंद. ‘आम्ही आमच्या राजीखुशीने आणि अक्कलहुशारीने पुढील वर्गास शेवटचा बाक, त्याच्या खाली कोरलेली सर्व नावे आणि गृहपाठ राहिल्याची तयार कारणे कायमची देत आहोत,’ असे लिहिताना मुलांना जे हसू येते, त्यात निरोपाचे दुःख पेलण्याची एक चांगली रीत असते. एकत्र काढलेल्या वर्षांबद्दल थेट बोलणे या वयात अवघड जाते आणि विनोदाच्या आडून ते बोलता येते. म्हणून या प्रथेवर सरसकट बंदी घालावी असे मला वाटत नाही.

माझ्याकडे आलेली मुलगी सतरा वर्षांची होती. वर्गाने काढलेल्या पुस्तिकेत वीस वर्षांनंतरचे चित्र रंगवले होते. एक जण अंतराळात घर बांधत होता, एक जण स्वतःच्याच पुतळ्याच्या अनावरणाला उशिरा पोहोचत होता, एकीने न्यायाधीश होऊन साऱ्या वर्गाला जुन्या खोड्यांबद्दल शिक्षा ठोठावल्या होत्या. या मुलीबद्दल लिहिले होते, ‘वीस वर्षांनी आपण सगळे जगभरातून पुन्हा भेटायला येऊ, तेव्हा ही सभागृहात खुर्च्या मांडत असेल आणि आपली हजेरी घेत असेल.’ मृत्युपत्राच्या भागात तिच्या नावावर आणखी एक ओळ होती, ‘ही आपले सॉरी म्हणणे पुढच्या वर्गाला देऊन जात आहे, साठा भरपूर आहे.’

आईला या दोन्ही ओळींत काहीच वावगे वाटले नव्हते. उलट आपली मुलगी जबाबदार आणि नम्र आहे, असेच वर्गाने म्हटले आहे, असा तिचा समज झाला होता. म्हणूनच मुलगी निरोप समारंभाला जाणार नाही म्हणाली आणि सलग काही रात्री उशिरापर्यंत जागी राहिली, तेव्हा आई गोंधळून गेली. ‘मनावर घेऊ नकोस’ हे वाक्य तिने प्रेमानेच म्हटले होते, परंतु त्यानंतर मुलीने तो विषयच बंद केला. मनावर घेऊ नकोस असे सांगितल्यावर मुलाला दोन गोष्टींची लाज वाटू लागते, आधी त्या ओळीची आणि मग ती ओळ लागल्याची. त्याऐवजी ‘त्यातला कोणता शब्द लागला?’ असे विचारले तर बोलणे सुरू राहते, आणि मोठ्या माणसाला स्वतःचा अंदाज बाजूला ठेवून खरे उत्तर ऐकता येते.

मी तिला हेच विचारले. खुर्च्या किंवा हजेरी यांपैकी काही तरी ती सांगेल अशी माझी अपेक्षा होती. ती म्हणाली, ‘मॅडम, जगभरातून. सगळे जगभरातून येणार आहेत आणि मी तिथेच असणार आहे.’ पुढचे बोलणे या एका शब्दामुळे शक्य झाले. तिच्या जवळच्या मैत्रिणींचे पुढील शिक्षणाचे निर्णय झालेले होते, तिचा झालेला नव्हता, आणि सगळे पुढे जातील व आपण मागे राहू ही भीती पुस्तिका निघण्याच्या कितीतरी आधीपासून तिच्या मनात होती. पुस्तिकेने ती भीती साऱ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवली, असे तिला वाटले.

हेझल मार्कस आणि पॉला नुरियस या मानसशास्त्रज्ञांनी 1986 मध्ये ‘संभाव्य स्व’ ही कल्पना मांडली. आपण पुढे काय होऊ शकतो, काय व्हायला आवडेल आणि काय होण्याची भीती वाटते, अशी स्वतःची अनेक चित्रे माणूस मनात बाळगतो आणि आजचे त्याचे वागणे या चित्रांमुळे घडत जाते. शाळा सोडताना ही चित्रे विशेष कच्ची असतात. विनोदी भविष्य मुलाच्या आवडत्या चित्राशी जुळले तर त्याला हसू येते, कशाशीच जुळले नाही तर ते विसरले जाते, आणि भीतीच्या चित्राशी जुळले तर ते विनोद राहतच नाही. एकच ओळ एका मुलाला गुदगुल्या करते आणि दुसऱ्याला रात्रभर जागवते, याचे कारण मला येथे दिसते. हळवेपणा कमी की जास्त हा प्रश्न त्या मानाने दुय्यम आहे.

त्यानंतर मी तिला पुस्तिका न उघडता इतरांची भविष्ये आठवून सांगायला लावले. स्वतःच्या दोन्ही ओळी तिला शब्दशः पाठ होत्या, पण इतरांच्या मोजक्याच आठवल्या, त्याही अर्धवट. वर्गातल्या प्रत्येकाचे असेच झाले असणार, हे मग तिने स्वतःच म्हटले. किशोरवयात आपल्यावर सतत कोणाची तरी नजर आहे असे वाटते. डेव्हिड एल्काइंड यांनी 1967 मध्ये याला ‘काल्पनिक प्रेक्षक’ म्हटले होते. थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात विद्यार्थ्यांना संकोच वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले होते. खोलीतल्या जवळपास निम्म्या लोकांच्या तो लक्षात आला असेल, असा अंदाज त्यांनी केला. प्रत्यक्षात सुमारे एक चतुर्थांश लोकांच्याच तो लक्षात आला होता. हा प्रयोग ऐकून तिचे दुःख नाहीसे झाले नाही, पण समारंभात सगळे आपल्याकडेच पाहतील ही तिची खात्री थोडी सैल झाली.

मग आम्ही ती ओळ कागदावर लिहून तिचे तीन भाग केले. वर्गाला खरोखर काय दिसले, विनोदासाठी काय फुगवले गेले आणि वाचताना आपण मनातून काय जोडले, असे ते भाग होते. कार्यक्रमाची जुळवाजुळव ती नेहमी करते, एवढेच वर्गाला दिसले होते. वीस वर्षांनंतरही तेच करत राहील, हे फुगवलेले होते. ‘कारण हिला दुसरे काही जमणार नाही’ हा तिसरा भाग मात्र पुस्तिकेत कुठेही छापलेला नव्हता. तो तिच्याच अक्षरात होता. आपल्याच हाताने लिहिलेले ते वाक्य पाहून ती बराच वेळ काही बोलली नाही. मीही तिला घाई केली नाही, कारण या टप्प्यावर समुपदेशकाने धीर देण्याची उतावीळ केली की मुलाचा स्वतःचा शोध अर्ध्यावर थांबतो.

पुढच्या भेटीसाठी मी तिला स्वतःचे भविष्य आणि स्वतःचे मृत्युपत्र लिहून आणायला सांगितले. अट एवढीच होती की दोन्ही वाचून तिला स्वतःला हसू आले पाहिजे. आपले विनोदी भविष्य दुसऱ्याने लिहिले की आपण त्यातले पात्र होतो. स्वतः लिहिले की विनोदाचा लगाम आपल्या हाती येतो. तिने लिहिले होते की वीस वर्षांनी ती एका मोठ्या जहाजाची कप्तान असेल, सारा वर्ग त्या जहाजावर प्रवासी असेल आणि कोणी बसायला जागा मागितली तर ती सांगेल, ‘खुर्च्या खालच्या मजल्यावर आहेत, आपापली उचलून आणा.’ हे वाचताना ती मोकळेपणाने हसली. समुद्राशी तिचा काही संबंध नव्हता आणि नौकानयनाचा तिचा विचारही नव्हता, परंतु या चित्रात पहिल्यांदाच ती कुठे तरी निघाली होती.

माझ्या मते तिचे मृत्युपत्र याहून महत्त्वाचे होते. भविष्याच्या विनोदाकडे सर्वांचे लक्ष जाते. मागे काय ठेवायचे हा भाग केवळ गंमत म्हणून सोडून दिला जातो. खरे तर या वयाच्या मुलाला शाळेतली आपली कोणती ओळख बरोबर न्यायची आणि कोणती तिथेच ठेवायची, हे ठरवण्याची इतकी सोपी संधी क्वचित मिळते. तिने लिहिले होते, ‘मी माझ्या राजीखुशीने आणि अक्कलहुशारीने कार्यक्रमांच्या सगळ्या याद्या पुढच्या वर्गाला देत आहे, कारण त्या चांगल्या आहेत. “चालेल, मी करते” हे वाक्य मी कोणालाच देत नाही. ते माझ्यापाशीच संपेल. सॉरी निम्मे ठेवते, चूक झाली तर लागेल.’ जुळवाजुळव करण्याचे कौशल्य आणि नाही म्हणता न येणे या दोन गोष्टी इतकी वर्षे तिच्या मनात एकच होऊन बसल्या होत्या. आपल्याला जमणाऱ्या गोष्टीचा तिला राग येऊ लागला होता तो यामुळेच. त्या वेगळ्या करण्यासाठी आम्ही पुढे दोन भेटी दिल्या, पण वाट तिने स्वतःच लिहून आणली होती.

ती ओळ तिच्या जवळच्या मैत्रिणीने लिहिली होती. तिच्याशी बोलताना ‘तू असे का लिहिलेस?’ या प्रश्नाने सुरुवात करू नये, ‘मला ते लागले’ एवढे आधी सांगावे, असे मी सुचवले. मैत्रीण चकित झाली. ‘तू नसशील तर आपण पुन्हा भेटणारच नाही, असे मला म्हणायचे होते,’ असे तिचे उत्तर होते. जस्टिन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत हेच दिसले होते की चिडवणाऱ्याला स्वतःचा चांगला हेतू स्पष्ट दिसतो, म्हणून तो समोरच्यालाही दिसत असेल असे तो गृहीत धरतो. समोरच्यापर्यंत मात्र बहुतेकदा फक्त शब्द पोहोचतात. हेतू कळल्यावर माझ्याकडच्या मुलीला बरे वाटले, तरी छापण्याआधी मला विचारायला हवे होते, हे तिने मैत्रिणीला सांगितले. तिचे म्हणणे मला पूर्णपणे योग्य वाटते. प्रत्येकाने आपली ओळ छापण्याआधी वाचावी आणि कारण न देता ती बदलून मागण्याचा हक्क त्याला असावा, एवढा एक नियम शिक्षकांनी केला तर अशा पुस्तिकांतली बरीचशी इजा टळेल.

प्रत्येक ओळीमागे असा प्रेमळ हेतू असतोच असे नाही. शरीर, रंग, जात, गरिबी, अपंगत्व, बोलण्यातला दोष, घरातले तंटे किंवा कोणाशी जोडलेले नाव यांवरचा विनोद हा निरोपाचा विनोद नव्हे. तेच मूल वर्षभर लक्ष्य होत असेल, थांबा म्हटल्यावरही कोणी थांबले नसेल किंवा ती ओळ फोनवरून पसरवली जात असेल, तर पालकांनी ती जपून ठेवावी आणि शाळेशी लेखी बोलावे. अशा वेळी मुलाला विनोदबुद्धी शिकवत बसणे अन्यायाचे होईल.

आणखी एक बाब मला गांभीर्याने सांगायची आहे, कारण मृत्युपत्राच्या खेळाआड ती नजरेतून निसटू शकते. मूल खेळाबाहेरही आपल्या आवडत्या वस्तू देऊन टाकू लागले, निरोपाची भाषा बोलू लागले, ‘मी नसले तरी काय फरक पडतो’ असे म्हणू लागले, किंवा झोप, जेवण आणि शाळा यांवरचे त्याचे मन उडाले, तर जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, हे त्याला शांतपणे आणि स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने असा विचार मनात रुजत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी आले, तर त्याला एकटे न ठेवता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. या मुलीलाही मी पहिल्याच भेटीत हे विचारले होते आणि तसे काही नव्हते.

आईच्या मनात शेवटपर्यंत एक शंका राहिली होती. बरोबरीच्या मुलांना एकमेकांचे खरे रूप दिसते, मग त्यांचे भाकीतही खरे ठरू शकेल का, असे तिने विचारले. आजची सवय मुलांना अचूक दिसते, हे मी मान्य केले. वीस वर्षांचा अंदाज मात्र मोठ्यांनाही येत नाही. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात 18 ते 68 या वयोगटातल्या 19,000 हून अधिक लोकांचा अभ्यास केला होता. गेल्या दहा वर्षांत आपण खूप बदललो असे सर्व वयांचे लोक सांगत होते आणि येत्या दहा वर्षांत मात्र फारसे बदलणार नाही असे मानत होते. स्वतःबद्दलचा अंदाजच जर इतका तोकडा पडतो, तर वर्गमित्राने हसत लिहिलेल्या एका ओळीवर मुलीचे आयुष्य तोलण्याचे कारण नाही.

मुलगी समारंभाला गेली. पुढे काय शिकायचे हे तिचे अजून ठरलेले नाही. तिने दोन अगदी वेगळ्या विषयांसाठी अर्ज भरले आहेत. त्यांपैकी कोणता घेणार हे निकाल लागेपर्यंत घरात रोज विचारायचे नाही, एवढी गोष्ट मी आईकडून कबूल करून घेतली आहे.