तंत्रशंका : फोल्डर दिसतो, पण डिस्कवर नाही

या वेळी नाशिक आणि परिसरातून आलेल्या, एकाच विषयावरच्या शंका एकत्र घेतल्या आहेत. लिनक्सवर कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, हात न लावता स्वतःची फाइलसिस्टिम (फाइली ठेवण्या-दाखवण्याची व्यवस्था) लिहिण्याची सोय, म्हणजे ‘फ्यूज’, हा तो विषय. आज्ञा आणि फंक्शनांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना ती रोमनमध्येच करायची.

प्रश्न : आमच्या कारखान्याची सुमारे चार हजार ड्रॉइंग पोस्टग्रेसच्या डेटाबेसमध्ये आहेत. डिझाइन विभागाला ती साध्या फोल्डरसारखी उघडता यायला हवीत. सी येते, कर्नल प्रोग्रॅमिंग येत नाही. फ्यूजने जमेल का? हाय-लेव्हल इंटरफेस घ्यावा की लो-लेव्हल?
— एक वाचक, अंबड एमआयडीसी

जमेल. फक्त वाचण्यापुरती फाइलसिस्टिम असेल तर दोन-अडीचशे ओळींत काम होते. घ्यायचा तो हाय-लेव्हल, ज्यात फाइल तिच्या पाथने, म्हणजे पूर्ण पत्त्याने, ओळखली जाते.

आधी आत काय घडते ते पाहा. कोणी ड्रॉइंग उघडले की ओपन आणि रीडची मागणी नेहमीसारखी कर्नलकडे जाते. फ्यूजचे मॉड्यूल ती स्वतः न सोडवता /डेव्ह/फ्यूज या वाटेने तुमच्या प्रोग्रॅमकडे पाठवते. तुमचा प्रोग्रॅम, जो इतर कुठल्याही प्रोग्रॅमसारखाच साधा असतो, उत्तर देतो आणि कर्नल ते मागणाऱ्याच्या हाती ठेवतो. मिक्लोश सेरेदी यांचे हे मॉड्यूल २००५ मध्ये २.६.१४ या आवृत्तीपासून मुख्य कर्नलमध्ये आहे, त्यामुळे ते वेगळे बसवायचा प्रश्न नाही. मात्र तुमच्या फाइलींबद्दल कर्नलला स्वतःहून काहीही ठाऊक नसते. तुम्ही सांगाल तो आकार, सांगाल ती तारीख. खालच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच आहे.

उबंटू किंवा डेबियनवर ‘फ्यूज३’, ‘लिबफ्यूज३-डेव्ह’ आणि ‘पीकेजी-कॉन्फिग’ ही पॅकेजेस लागतात. कोडमध्ये हेडर घेण्याच्या आधी ‘फ्यूज_यूज_व्हर्जन’ची किंमत ३१ ठरवा, नंतर ठरवून उपयोग नाही. इंटरनेटवरचे बरेच धडे फ्यूज लायब्ररीच्या जुन्या, दुसऱ्या (२) आवृत्तीचे आहेत. त्यांत फाइलची माहिती देणाऱ्या गेटअ‍ॅटरला दोनच पॅरामीटर असतात, तिसऱ्या आवृत्तीत तीन. फोल्डरची यादी देणाऱ्या रीडडिरमधल्या, नावे भरणाऱ्या फिलरलाही चाराऐवजी पाच लागतात. कंपायलर इशारा देतो, तो दाबून पुढे गेलात तर प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी कोसळतो.

सुरुवातीला चारच फंक्शने लिहा : गेटअ‍ॅटर, रीडडिर, ओपन, रीड. गेटअ‍ॅटरमध्ये मूळ फोल्डरसाठी ‘डिरेक्टरी’ हा प्रकार, ०७५५ परवानगी आणि लिंकसंख्या २ भरा. ड्रॉइंगसाठी साधी फाइल, ०४४४, लिंकसंख्या १ आणि बाइटमधला नेमका आकार. नाव सापडले नाही तर -ईएनओईएनटी परत करा. सवयीने -१ परत केलात तर कर्नल त्याचा अर्थ ‘ईपर्म’ असा घेतो, आणि नसलेल्या फाइलसाठी ‘परवानगी नाही’ असा संदेश येतो. मग माणूस दिवसभर परवानग्याच तपासत बसतो.

पहिल्यांदा ‘-एफ -एस’ लावून चालवा : पहिल्याने प्रोग्रॅम टर्मिनलवरच राहतो, दुसऱ्याने एकच थ्रेड चालतो. ‘-डी’ लावल्यास कर्नलची प्रत्येक मागणी आणि तुमचे उत्तर ओळीने दिसते. यापेक्षा चांगला शिक्षक नाही. सगळे नीट चालले की ‘-एस’ काढा. इथे हमखास गडबड होते, कारण त्यानंतर दोन मागण्या एकाच वेळी दोन थ्रेडमध्ये येतात आणि पोस्टग्रेसचे एकच कनेक्शन दोन थ्रेडना एकदम वापरता येत नाही. प्रत्येक थ्रेडला वेगळे कनेक्शन द्या, नाहीतर कुलूप लावा. कनेक्शन आणि स्वतःचे थ्रेड ‘इनिट’ फंक्शनमध्ये सुरू करा, मेनमध्ये नको. ‘-एफ’ नसताना लायब्ररी फोर्क करून, म्हणजे प्रोग्रॅमची दुसरी प्रत काढून, पार्श्वभूमीला जाते. आधी सुरू केलेले थ्रेड त्यात नाहीसे होतात. शिवाय चालू फोल्डर ‘/’ होतो, म्हणून सेटिंगच्या फाइलचा पत्ता पूर्ण द्या.

‘एलएस -एल’ केल्यावर आधी रीडडिर येते आणि मग प्रत्येक नावासाठी गेटअ‍ॅटर. चार हजार ड्रॉइंग म्हणजे चार हजार क्वेऱ्या. रीडडिरच्या वेळीच एका क्वेरीत सगळी नावे, आकार आणि तारखा आणून मेमरीत ठेवा. डेस्कटॉपचा फाइल मॅनेजर तर नसलेल्या लपलेल्या फाइलींचीही चौकशी करतो, आणि ‘नाही’ हे उत्तर मुळात कॅश होत नाही. ‘निगेटिव्ह_टाइमआउट’ वाढवा, किंवा ठिपक्याने सुरू होणाऱ्या नावांना डेटाबेसपर्यंत जाऊच देऊ नका.

लो-लेव्हल इंटरफेसमध्ये पाथऐवजी आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलच्या नोंदीचे, क्रमांक येतात (मूळ फोल्डरचा १). प्रत्येक यशस्वी लुकअपला मोजणी वाढवायची, ‘फरगेट’ आले की सांगितली तेवढी कमी करायची. हिशेब चुकला की मेमरी फुगत जाते, किंवा वापरातला आयनोड मोकळा होऊन प्रोग्रॅम मरतो. उत्तरे उशिरा, वेगळ्या क्रमाने द्यायची असतील तर हा खटाटोप परवडतो. तुमच्या कामाला त्याची गरज नाही.

प्रश्न : पायथन आणि त्यासाठीची फ्यूजपाय ही लायब्ररी वापरून मी एक फोल्डर तयार केला आहे. त्यात लासलगावचे कांद्याचे दिवसभराचे भाव मजकूर फाइल म्हणून दिसतात. इंग्रजी फाइल पूर्ण येते. मराठी फाइल मध्येच तुटते आणि शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसते. कधी कधी फाइल रिकामीच येते.
— एक विद्यार्थी, गंगापूर रोड

तुम्ही आकार अक्षरांत मोजता आहात. कर्नलला तो बाइटमध्ये हवा असतो. पायथनमध्ये ‘कांदा’ या स्ट्रिंगचा ‘लेन’ ५ येतो, कारण काना आणि अनुस्वार वेगळे मोजले जातात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे बाइट १५. गेटअ‍ॅटरने ५ सांगितले की कर्नल ५ बाइटांपुढे देतच नाही, मग रीडने कितीही पाठवले तरी. पाचवा बाइट दुसऱ्या चिन्हाच्या मध्यात पडतो, म्हणून शेवटी चौकोन. इंग्रजीत अक्षर आणि बाइट सारखेच, त्यामुळे तिथे चूक झाकली जाते.

दुरुस्ती सोपी आहे. मजकूर तयार झाला की लगेच एन्कोड करा, ते बाइट ठेवा आणि आकार त्यांवरूनच घ्या. रीडमध्ये ऑफसेटपासून तुकडा कापतानाही बाइटच कापा. हीच चूक पोस्टग्रेसमध्ये मजकुराला ‘लेंग्थ’ लावून होते. तिथे ‘ऑक्टेट_लेंग्थ’ हवे. मायएसक्यूएलमध्ये मात्र ‘लेंग्थ’ बाइटच देते. एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर गेलेल्यांची इथे चांगलीच फसगत होते.

रिकाम्या फाइलचे कारण वेगळे. भाव प्रत्येक वेळी नव्याने तयार होतात, म्हणून तुम्ही आधी आकार ० सांगत असणार. शून्य आकाराच्या फाइलसाठी कर्नल तुमच्या रीडला विचारतही नाही. उपाय दोन. एक, ‘डायरेक्ट_आयओ’ लावा : मग कर्नल सांगितलेल्या आकाराकडे न बघता तुम्ही ० बाइट परत करेपर्यंत मागत राहतो. ‘कॅट’ने फाइल व्यवस्थित येते, पण आधी आकार पाहून मगच वाचणारे प्रोग्रॅम अजूनही तिला रिकामीच समजतील. दोन, गेटअ‍ॅटरमध्येच मजकूर तयार करून काही सेकंद जपून ठेवा आणि ओपनच्या वेळी त्याची प्रत त्या हँडलला (उघडलेल्या फाइलच्या खुणेला) जोडा. मग भाव मध्येच बदलले तरी वाचणाऱ्याला अर्धा जुना, अर्धा नवा मजकूर मिळत नाही. आमचे मत दुसऱ्या उपायाला.

आणखी एक. ‘डायरेक्ट_आयओ’ नसेल तर रीडने मागितले तेवढे बाइट द्यायलाच हवेत. कमी देण्याची मुभा फक्त फाइलच्या शेवटी. मध्येच कमी दिलेत तर कर्नल उरलेली जागा शून्य बाइटांनी भरतो, आणि त्रुटीचा कुठलाही संदेश येत नाही. फ्यूजपाय जुन्या, दुसऱ्या आवृत्तीच्या लायब्ररीवर चालते, तेव्हा ‘लिबफ्यूज२’ बसवलेली असू द्या.

प्रश्न : फ्यूजने माउंट केलेल्या (जोडलेल्या) फोल्डरवर गेले की ‘ट्रान्सपोर्ट एंडपॉइंट इज नॉट कनेक्टेड’ येते. मशीन रीस्टार्ट करावे लागते का?
— एक वाचक, सिडको

नाही. प्रोग्रॅम मेला, माउंट तसाच राहिला, एवढाच त्याचा अर्थ. ‘फ्यूजरमाउंट३ -यू’ आणि पुढे फोल्डरचे नाव द्या. ‘व्यस्त आहे’ असे आले तर कोणाचे तरी टर्मिनल त्या फोल्डरमध्ये उभे असते; ते बाहेर काढा, किंवा ‘-झेड’ जोडा.

प्रोग्रॅम मेलेला नसून अडकला असेल तर /सिस/एफएस/फ्यूज/कनेक्शन्स इथे त्या माउंटच्या क्रमांकाचा फोल्डर मिळतो. त्यातल्या ‘वेटिंग’मध्ये किती मागण्या उत्तराविना पडल्या आहेत ते दिसते, ‘अबॉर्ट’ या फाइलमध्ये १ लिहिले की कनेक्शन तुटते. अडकण्याचे नेहमीचे कारण : प्रोग्रॅम स्वतःच्याच माउंटमधली फाइल उघडतो. उत्तर देणाराच उत्तराची वाट पाहत बसला, तर सोडवणार कोण? लॉग फाइल त्या फोल्डरमध्ये ठेवणे हा याच चुकीचा एक नमुना.

प्रश्न : माउंट करणाऱ्याला सगळे दिसते. पण साम्बातून विंडोजच्या मशीनवर काही दिसत नाही, आणि रात्रीचा बॅकअप रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालतो, त्यालाही ‘परवानगी नाही’ येते. रूटला कसली आडकाठी?
— एक वाचक, सातपूर

फ्यूजमध्ये ती आहे, आणि मुद्दाम ठेवलेली आहे. माउंट कुठलाही साधा वापरकर्ता करू शकतो, आणि उत्तरे त्याचा प्रोग्रॅम देतो. त्याने उत्तर अडवून धरले तर रूटचे प्रोसेस लटकेल. शिवाय ते काय उघडते तेही त्याला कळेल. म्हणून मुळात फक्त माउंट करणाऱ्यालाच प्रवेश असतो.

/ईटीसी/फ्यूज.कॉन्फमध्ये ‘यूजर_अलाउ_अदर’ ही ओळ सुरू करा, ती रूटलाच बदलता येते. मग ‘-ओ अलाउ_अदर,डिफॉल्ट_परमिशन्स’ देऊन माउंट करा. दुसरा शब्द विसरू नका. तो नसेल तर कर्नल परवानगीचे बिट तपासत नाही. तो भार तुमच्या कोडवर असतो, आणि तपासणी लिहिली नसेल तर ०६०० असलेली फाइलही कोणीही वाचेल. फक्त बॅकअपपुरते हवे असेल तर ‘अलाउ_रूट’ पुरे, पण साम्बा रूट म्हणून वाचत नाही, त्यामुळे तुम्हाला पहिलाच पर्याय लागेल.

प्रश्न : जुन्या वह्यांचे स्कॅन ठेवण्यासाठी एक्स्ट४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम) डिस्कवर फ्यूजचा थर बसवला आहे. येणारी नावे एनएफसी (युनिकोडचे एकरूप लेखन) करून घेतो. तरी काही फाइली यादीत दिसतात पण उघडत नाहीत, आणि लांब मराठी नावे नाकारली जातात.
— एक वाचक, पंचवटी

लांबीचे आधी. एक्स्ट४ वर नावाची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हे. ‘त्र्यंबकेश्वर’ डोळ्यांना पाच अक्षरे, मोजणीत १३ चिन्हे, डिस्कवर ३९ बाइट. नावे एन्क्रिप्ट करून बेस६४ मध्ये लिहीत असाल तर तीन बाइटांचे चार होतात आणि जेमतेम ६३ चिन्हे उरतात. ‘स्टॅटएफएस’ या फाइलसिस्टिमची माहिती देणाऱ्या फंक्शनमध्ये खरी मर्यादा सांगा, म्हणजे विचारून घेणारे प्रोग्रॅम तरी नाव आधीच आखूड करतील.

न उघडणाऱ्या फाइलींची नावे तपासा. त्यांत ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांची’ असे शब्द सापडतील. हा ‘ऱ’ एकच चिन्ह म्हणून लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांनीही; दिसायला फरक नाही. एनएफसी दोन्हींचे एकच चिन्ह करते. डिस्कवरच्या जुन्या फाइली दोन चिन्हांच्या आहेत, तुमचे रीडडिर त्या जशाच्या तशा दाखवते, आणि उघडताना मात्र तुम्ही नाव बदलून डिस्कवर शोधता. ते तिथे नसते. थर काढून डिस्कवरच्या सगळ्या नावांचे एकदाच एनएफसी करून घ्या. त्याआधी एनएफसीनंतर एकच नाव होणाऱ्या दोन फाइली निघतात का ते पाहा, नाहीतर एक फाइल दुसरीवर लिहिली जाईल. तिसरा प्रकार ‘र’, हलन्त आणि शून्यरुंदीचा जोडक वापरून केलेल्या ‘र्‍य’चा. तो एनएफसीने एकरूप होत नाही; त्याचा नियम तुम्हालाच लिहावा लागेल.

प्रश्न : फ्यूज किती हळू?
— एक वाचक, नाशिक रोड

कामावर अवलंबून. २०१७ च्या फास्ट या फाइल-साठवणुकीवरच्या परिषदेत वंगूर, तारासोव्ह आणि झादोक यांनी मोजमापे मांडली : काही कामांत फरक जाणवतही नाही, काहींत नीट जुळवूनही वेग ८३ टक्क्यांपर्यंत घटतो. छोट्या छोट्या असंख्य फाइली हे वाईट टोक. मोठे लेखन असेल तर ‘राइटबॅक’ कॅश (लेखन आधी मेमरीत साठवणारी) सुरू करा आणि एका मागणीचा आकार वाढवा, कर्नल ४.२० पासून तो १२८ केबीवरून १ एमबीपर्यंत नेता येतो. लेखन साठवून उशिरा करत असाल तर त्रुटी फाइल बंद करताना येणाऱ्या ‘फ्लश’मधून कळवा. फाइल पूर्ण सुटताना येणाऱ्या ‘रिलीज’ने परत केलेली किंमत कोणी वाचत नाही, आणि डिस्क भरलेली असताना वापरकर्त्याला फाइल सेव्ह झाल्यासारखी वाटते. फ्लश मात्र एकाच फाइलसाठी अनेकदा येऊ शकते, तेव्हा हँडल तिथे बंद करू नका.

थर फक्त खालच्या खऱ्या फाइलीपर्यंत पोचवत असेल तर कर्नल ६.९ पासून ‘पासथ्रू’ मिळते : ओपन तुमच्याकडे येते, वाचन-लेखन थेट खाली जाते. ६.१४ मध्ये आयओ-युरिंगवरून (कर्नलशी सामायिक रांगांतून) मागण्या देण्याघेण्याची सोयही आली. डेटाबेसवर बसलेल्या फाइलसिस्टिमला या दोन्हींचा फारसा लाभ नाही. तिथे वेळ क्वेरीत जातो.