डुकाटी स्पोर्ट १००० मध्ये बदल करावेत, की ती कारखान्यातून आली तशीच ठेवावी?

तुमचा प्रश्न असा आहे : २००६ ची एका सीटची डुकाटी स्पोर्ट १००० ही इटालियन मोटरसायकल नुकतीच हाती आली आहे, हँडल फार खाली असल्यामुळे मनगटे भरून येतात, मागचा भाग डोळ्यांना लांबट वाटतो, सायलेन्सरचा आवाज दबका आहे, तर यांपैकी काय बदलावे आणि बदलल्यास गाडीचे मोल उतरेल का. हीच गाडी मी नऊ वर्षे चालवतो आहे आणि नेमक्या याच प्रश्नावरून माझे दाजी व मी जवळजवळ दोन वर्षे एकमेकांशी धड बोलत नव्हतो. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, याची आधीच कल्पना देतो.

हँडल अवश्य बदला. सीटखालची मागची चौकट मात्र कापू नका. कोणी कितीही सुबक छायाचित्रे दाखवली तरी कापू नका.

मी ती कापली होती, म्हणून इतक्या ठामपणे सांगतो. गाडी घेतली तेव्हा ती पूर्णपणे मूळ स्थितीत होती. दाजींकडे मोटो गुझीची १९७६ ची ८५० ल मॉन्स आहे, तिचा मूळ रंग त्यांनी आजवर जपला आहे, आणि इटालियन गाड्यांचे वेड मला त्यांच्यामुळेच लागले. माझी गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांनी तिला एक पूर्ण फेरी मारली आणि उजव्या बाजूला, जिथे दोन्ही सायलेन्सर एकावर एक रचलेले आहेत, तिथे बराच वेळ थांबून राहिले. मग डावीकडे येऊन एकुलता एक शॉक अब्सॉर्बर पाहिला. "दोन्ही बाजू वेगळ्या आहेत, आणि तरी तोल कुठे जात नाही. हिला हात लावू नकोस," असे ते म्हणाले. मी मान डोलावली खरी, पण दीड महिन्यात हात लावला.

सुरुवात हँडलपासून झाली, आणि त्या बाबतीत चूक माझी होती असे मी आजही मानत नाही. या आवृत्तीत क्लिप-ऑन हँडल, म्हणजे पुढच्या चाकाच्या दोन दांड्यांवर वेगवेगळे आवळलेले दोन तुकडे, वरच्या योकच्या, म्हणजे त्या दांड्यांना वरून धरणाऱ्या पट्टीच्या, खाली बसवलेले आहे. तासभर गाडी चालवली की शरीराचा सारा भार तळहातांवर येतो, अंगठ्याजवळचा भाग बधिर होतो, आणि मग ब्रेक किती दाबला गेला हेच नीट कळेनासे होते. याला मी सौंदर्य म्हणणार नाही. ही सुरक्षिततेची उणीव आहे. मी योकच्या वर येणारे क्लिप-ऑन आणले, जुने काढून कापडात गुंडाळून ठेवले आणि एका दुपारी नवे बसवले. बसवणे सोपे असते. बसवल्यानंतर जे तपासायचे असते ते मी तपासले नाही. दुसऱ्या दिवशी अरुंद जागेत गाडी वळवताना हँडल डावीकडे पूर्ण फिरले, माझा डावा अंगठा मूठ आणि टाकी यांच्यामध्ये अडकला, क्लच हातातून निसटला आणि गाडी उजव्या अंगावर पडली. टाकीचा टवका उडाला आणि वरच्या सायलेन्सरवर बोटभर लांबीचा ओरखडा आला, तो अजून तसाच आहे.

म्हणून हँडल बदलल्यावर काय पाहावे ते नीट सांगतो. इंजिन बंद ठेवून हँडल दोन्ही बाजूंना अखेरपर्यंत फिरवा. मूठ आणि टाकी यांच्यात हातमोजा घातलेला अंगठा मोकळा राहिला पाहिजे. पुढचे चाक उचलून फोर्क, म्हणजे चाकाला धरणाऱ्या त्या दोन दांड्या, पूर्ण ताणला जाऊ द्या आणि त्याच स्थितीत ब्रेकच्या नळीला बोटाने हलकेच ढकलून पाहा. ती वाद्याच्या तारेसारखी ताठ लागत असेल तर लांब नळी घ्यावीच लागेल. शेवटी इंजिन सुरू करा आणि ते संथ चालू असताना हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. कोणत्याही टोकाला इंजिनाची गती आपोआप वाढली तर थ्रॉटलची केबल ओढली जात आहे असे समजावे आणि तिचा मार्ग बदलल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नये. या तीन तपासण्यांना वीस मिनिटे पुरतात.

एवढे झाल्यावर मी थांबायला हवे होते. परंतु हँडल उंचावल्याने बसण्याची ढब बदलली, आणि मग सीटमागचा भाग मला तुमच्याप्रमाणेच लांबट दिसू लागला. एका गॅरेजमध्ये मागच्या चौकटीची नळी चार बोटे कापून घेतली, तिला नवा गोलाकार शेवट वेल्ड करून घेतला आणि मागचा मडगार्ड काढून टाकला. गाडी उभी असताना फार देखणी दिसत होती. मात्र पहिल्या मोठ्या खड्ड्यात चाक वर आले आणि सीटच्या तळाला घासले. दिव्याच्या तारांना त्यांच्या मूळ जागेवरून हलवलेले होते, त्यामुळे टायरने त्यांचे आवरण सोलून काढले आणि रात्री परत येताना मागचा दिवा बंद पडला. मला ते कळले नव्हते. मागून येणाऱ्या एका गाडीवाल्याने बाजूला येऊन हाताने खूण केली तेव्हा कळले. चाक पूर्ण वर आले असता तिथे किती जागा उरते, हे कापण्यापूर्वी शॉकची स्प्रिंग काढून मोजायला हवे होते. ते त्या गॅरेजने मोजले नाही आणि मीही मोजायला सांगितले नाही.

दाजी पाहायला आले ते काहीच बोलले नाहीत. खाली बसले, वेल्डच्या उंचवट्यावरून अंगठा फिरवला आणि विचारले, "याला कोणता पाना लागतो?" मी म्हणालो, "दाजी, हे वेल्ड आहे, याला पाना कसा लागेल?" ते म्हणाले, "तेच विचारतो आहे." आणि उठून गेले.

त्यांचा हा एक प्रश्न मी नियम म्हणून स्वीकारला आहे. जे पान्याने निघते आणि पान्याने परत बसते, तेवढेच बदला. क्लिप-ऑन, फूटरेस्ट, सीट, आरसे, इंडिकेटर, सायलेन्सर, पुढचे दातेरी चक्र, शॉक अब्सॉर्बर हे सर्व त्यात बसते. शहरात कमी वेगावर गाडी हिसके देते अशी तक्रार बहुतेक जण करतात, त्यावर पुढचे चक्र एका दाताने लहान करणे हा स्वस्त आणि खरोखर उपयोगी उपाय आहे. मागचा भाग आखूड दिसावा असे वाटत असेल तर नंबर प्लेटचा लांब दांडा काढून आखूड लावा. डोळ्यांना जे खटकते त्यातले निम्मे तिथेच संपते.

परंतु दाजींचे म्हणणे एवढ्यावर थांबत नव्हते, आणि इथे मी त्यांच्याशी अजिबात सहमत नाही. त्यांच्या मते कारखान्याने जे दिले तेच अखेरचे, आणि उंच केलेले हँडलसुद्धा गाडीचा अवमान आहे. ही गाडी मुळात कशाची आठवण म्हणून बनली ते पाहा. २३ एप्रिल १९७२ रोजी इटलीतील इमोला येथे २०० मैलांची शर्यत झाली, तीत पॉल स्मार्ट पहिला आणि ब्रुनो स्पाजारी दुसरा आला, आणि दोघेही डुकाटीचे अभियंते फाबियो तालियोनी यांच्या डेस्मो इंजिनाच्या (ज्यात व्हॉल्व्ह स्प्रिंगशिवाय मिटतात) ७५० डुकाटीवर होते. त्या शर्यतीच्या गाड्यांच्या चौकटी रस्त्यावरच्या ७५० वरूनच घेतलेल्या होत्या. मधला स्टँड बसवण्याचे कानसुद्धा त्यांच्यावर तसेच होते. म्हणजे ज्या विजयाचे पुढे पूजन झाले, तो विक्रीच्या गाडीत फेरफार करून मिळवलेला होता. त्यातून १९७४ ची ७५० सुपर स्पोर्ट आली, जिच्या फायबरग्लासच्या टाकीवर पेट्रोलची पातळी दिसावी म्हणून रंग न दिलेली उभी पारदर्शक पट्टी ठेवली होती. ती पट्टी आज लोक दागिन्यासारखी न्याहाळतात, पण ती ठेवली गेली ती गरजेपोटी. पुढे तीस वर्षांनी डुकाटीचे रचनाकार पिएर तेरब्लांश यांनी त्याच गाड्यांना स्मरून पॉल स्मार्ट १०००, स्पोर्ट १००० आणि जीटी १००० यांची आखणी केली. आणि दाजींच्या मुद्द्याला शेवटचे उत्तर खुद्द कारखान्यानेच दिले आहे : एका सीटच्या गाडीनंतर दोन सीटची आवृत्ती आली तेव्हा हँडल वर घेण्यात आले. मी जे दुपारी घरी केले तेच बोलोन्यात, डुकाटीच्या कारखान्यातही योग्य ठरले, हे मी त्यांना पत्राने कळवले होते. उत्तर आले नाही.

त्यांच्या स्वतःच्या गुझीचे उदाहरणही माझ्याच बाजूचे आहे. गुझीचे अभियंते लीनो तोन्ती यांनी १९७१ च्या व्ही ७ स्पोर्टसाठी जी चौकट आखली आणि जी पुढे ल मॉन्सला मिळाली, तिच्या खालच्या नळ्या बोल्टने जोडलेल्या आहेत. त्या सोडल्या की एवढे अवजड इंजिन चौकटीतून बाहेर काढता येते. गाडी उघडली जाणार, सुटी होणार आणि पुन्हा जुळवली जाणार, हे गृहीत धरूनच ती बनवली गेली. अशा गाडीच्या मालकाने पान्याला विटाळ मानावा, हे मला कधीच पटले नाही.

आता तुमच्या उरलेल्या शंका. सायलेन्सर बदलल्यास आवाज नक्की खुलतो, कारण ९९२ सीसीच्या, नव्वद अंशात बसवलेल्या या दोन सिलिंडरांच्या जोडीचा मूळ स्वर फार भारदस्त आहे. पण मोकळा सायलेन्सर लावून इंधनाचे मॅपिंग, म्हणजे किती इंधन सोडायचे याची संगणकातली मांडणी, तसेच ठेवले तर मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने कमी इंधनाचे, राहते, इंजिन तापते आणि थ्रॉटल सोडल्यावर फटफट आवाज येतो. तो आवाज ऐकून खूश होऊ नका. सायलेन्सर आणि मॅपिंग एकाच वेळी करा, नाहीतर दोन्ही करू नका. आणि उजवीकडचे दोन सायलेन्सर काढून प्रत्येक बाजूला एक, अशी सममिती आणण्याचा मोह टाळा. या गाडीचा चेहरा त्या असमतोलातच आहे, आणि या एका मुद्द्यावर दाजी पूर्णपणे बरोबर होते. ड्राय क्लचला, म्हणजे तेलात न बुडलेल्या कोरड्या क्लचला, उघडे झाकण लावणे मला आवडते, तो खडखडाट मी रोज आनंदाने ऐकतो, पण पावसाळी रस्त्यावर वाळू आत जाते, म्हणून मी दोन्ही झाकणे ठेवली आहेत आणि ऋतूप्रमाणे बदलतो.

मोलाविषयी एवढेच सांगेन की काढलेला प्रत्येक भाग, अगदी मूळ बोल्टसुद्धा, नावाची चिठ्ठी लावून जपून ठेवा. जाणता गिऱ्हाईक ती पेटी आधी पाहतो. माझी चौकट एका कुशल वेल्डरने पुन्हा मूळ मापाची करून दिली आहे, पण नळीवरचा तो जोड बोटाला लागतो आणि विकताना मी तो लपवणार नाही.

हे आधी सांगायला हवे होते, ते आता सांगतो. कोणताही बदल करण्यापूर्वी टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर चालवणारे रबरी पट्टे, कधी बदलले होते याचा पुरावा मागा. गाडी कमी चालली असली तरी बेल्ट वयाने निकामी होतात, आणि दोन वर्षांहून जुने असतील किंवा पुरावाच नसेल तर पहिला खर्च तोच करा. व्हॉल्व्हचे काम डेस्मो प्रत्यक्ष हाताळलेल्या मेकॅनिककडेच द्या, कारण इथे व्हॉल्व्ह स्प्रिंगने नव्हे तर दुसऱ्या रॉकरने बंद होतो आणि उघडण्याची व मिटण्याची अशी दोन्ही अंतरे जुळवावी लागतात. तुमच्याकडे साध्या स्पोर्ट १००० ऐवजी पॉल स्मार्ट आवृत्ती असती, जिच्या केवळ २००० गाड्या बनल्या, तर मीसुद्धा हँडलच्या पुढे गेलो नसतो. आणि सायलेन्सरच्या आवाजाचे नियम जागोजागी वेगळे असतात, ते तपासल्याशिवाय पैसे घालवू नका.

दाजी आता पासष्टीचे आहेत. गेल्या महिन्यात त्यांनी स्वतः फोन केला आणि पाठीचे दुखणे फार वाढल्याचे सांगून विचारले, "तुझे ते उंच क्लिप-ऑन गुझीला बसतील का रे?" माझे बसत नव्हते, फोर्कचा व्यास वेगळा होता, म्हणून त्यांच्या मापाचे मागवले आणि आम्ही दोघांनी मिळून एका रविवारी ते लावले. क्लचची केबल अपुरी पडली, ती लांब घ्यावी लागली. जुने क्लिप-ऑन त्यांनी तेल लावलेल्या कागदात गुंडाळले आणि वर स्वतःच्या अक्षरात तारीख घालून लिहिले, "काढले. पाना सहा नंबरचा ॲलन."